बालकासारखा विश्वास आणि पंडिता रमाबाईंचे प्रश्न

मागच्या लेखात आपण संशोधन-समस्या कशी मांडायची ते बघितलं होतं. आज जरा वेगळं करू. एक शब्दप्रयोग घेऊ आणि तो एका व्यक्तीच्या कागदपत्रांतून तपासू. शब्दप्रयोग आहे 'बालकासारखा विश्वास'. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांनी तो रविवारच्या उपदेशात शंभरदा ऐकलेला असतो. बाकीच्यांनीही 'लहान लेकरासारखी श्रद्धा हवी' या रूपात तो कुठे ना कुठे ऐकलेला असतोच. व्यक्ती आहे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२).

विज्ञानाचा विद्यार्थी या वाटेला कशाला गेला, असं कोणी विचारेल. सरळ सांगतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीवर लिहिलेले प्रबंध आणि अहवाल चाळून बघा. मी जे चाळले त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्रस्तावनेतच 'येथील आदिवासी समाज भोळाभाबडा, निरागस आहे' अशा धर्तीचं वाक्य भेटलं. लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटत असतं. पण ज्याला आपण एकदा लहान मूल ठरवलं, त्याचं म्हणणं आपण पुरावा म्हणून घेत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलायला लागतो. 'बालकासारखा' हा शब्द कोण कोणाला लावतं यावर संशोधनात बरंच काही ठरतं. रमाबाईंकडून असंच लेकरू होण्याची अपेक्षा केली गेली होती, आणि त्यांनी त्या अपेक्षेचं काय केलं हे त्यांच्याच हातच्या पत्रांत उपलब्ध आहे. म्हणून त्या.

आधी मूळ मजकूर बघू. मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, शिष्य येशूला विचारतात की स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण. तो एका लहान मुलाला मध्ये उभं करतो आणि सांगतो, तुम्ही बालकांसारखे झाला नाहीत तर त्या राज्यात तुमचा प्रवेशच नाही. मार्कच्या दहाव्या अध्यायात लोक मुलांना घेऊन येतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि येशू शिष्यांवरच रागावतो. प्रसंग नीट बघा. पहिल्यात चर्चा मोठेपणाची चालली आहे, आणि ज्याला समाजात काही मान नाही, हक्क नाही असा माणूस म्हणून ते मूल तिथे उभं आहे. दुसऱ्यात मुलांना अडवणारे कोण, तर येशूच्या अगदी जवळचे, त्याच्या वतीने बंदोबस्त ठेवणारे लोक. मूल शंका काढत नाही, गप्प ऐकतं, असा मुद्दा दोन्हीकडे नाही. तो मागाहून चिकटलेला आहे. (चार वर्षांचं मूल दिवसभर सांभाळलेल्या कोणालाही विचारा, ते गप्प ऐकतं का!) उलट पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, बजावतो की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ही बाळं व्हा, पण समजुतीच्या बाबतीत मुलं राहू नका, प्रौढ व्हा. हे दोन उतारे शेजारी ठेवले की 'बालकासारखा' याचा अर्थ आज्ञाधारक असा सरसकट घेता येत नाही.

आता रमाबाई. त्यांचा जन्म जंगलातला, पश्चिम घाटातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तिथे आश्रम मांडला होता. आईने त्यांना संस्कृत शिकवलं. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. शास्त्रात सांगितलेलं दान, व्रतं, अनुष्ठानं सगळं यथासांग केलं, जवळचा पैसा देवाधर्मात संपवला, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब उपाशी मेलं. आई, वडील, मोठी बहीण. रमाबाईंनी नंतर लिहून ठेवलंय की अकरा दिवस-रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि थोडी रानटी खजुरं यांवर काढले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शंका न काढता मानण्याचं बालपण या बाईने पुरेपूर भोगलेलं होतं. मोठेपणी कोणी तिला पुन्हा तसंच मूल व्हायला सांगितलं तर तिच्या कानाला ते कसं लागेल, याचा अंदाज करा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पती बिपिनबिहारी मेधावी वारलेले, सोबत दोन वर्षांची मुलगी मनोरमा. वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई झाल्या. पत्रांत रमाबाई त्यांना चक्क 'आजीबाई' म्हणतात, इंग्रजी पत्रातच. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात, डोरोथिया बील यांच्याकडे, त्या शिकल्या आणि शिकवलंही.

१८८५ ची पत्रं वाचताना मजा येते आणि त्रासही होतो. वाद कसकसल्या गोष्टींवरून आहेत बघा. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नाहीत. आजीबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसतो. रमाबाईंचं उत्तर साधारण असं, की माझा गर्व तुम्हाला पुडिंगात, दुधात, भातात, बुटा-मोज्यांत जिथे सापडेल तिथे खुशाल शोधा. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरायची ठरतात. रमाबाई म्हणतात, संस्कृत का नको? आमच्या लोकांनी लॅटिनला संस्कृतपेक्षा पवित्र का मानावं? चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातले बिशप हरकत घेतात. रमाबाईंना नवल वाटतं, कारण त्यांच्या आईने आणि त्यांनी स्वतः पुरुषांना शिकवलं तेव्हा ना वडिलांनी अडवलं ना नवऱ्याने. आणि या सगळ्याच्या मुळाशी मोठा वाद आहे: त्रैक्याचा सिद्धान्त, अथानेशियन मतांगिकार, चर्चचा अधिकार. जेराल्डिनबाईंचं म्हणणं साधारण असं की नव्या विश्वासणाऱ्याने नम्रपणे शिकावं, चर्चने दिलेलं घ्यावं. रमाबाई लिहितात की देवाने मला माझी सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि माझा विचार मीच केला पाहिजे; एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून नुकतंच उतरवलंय, आता दुसरं चढवून घ्यायची माझी तयारी नाही.

बीलबाई या भांडणात थोड्या वेगळ्या उभ्या आहेत. या विद्यार्थिनीला नुसता इतिहास म्हणून धर्म गळी उतरणार नाही, तो तिच्या विवेकालाही पटावा लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. गाईड कसा असावा, यावर एक अख्खा लेख होईल. पण ते पुन्हा केव्हातरी.

आणि या वादाच्या मधोमध खरंखुरं मूल आहे. मनोरमा. तिला काय शिकवायचं, कोणत्या प्रार्थना, किती सिद्धान्त, कोणती भाषा, यावरून दोन्हीकडून पत्रं झडतात. विश्वास बालकासारखा असावा म्हणणाऱ्या मंडळींना त्या बालकाच्या शिक्षणावर मात्र ताबा हवा होता, असं मला वाचताना वाटलं. ते अन्यायाचं होत असेल, कारण जेराल्डिनबाईंनी मनोवर माया केली यात शंका नाही. माया आणि ताबा एकाच हाताने होऊ शकतात, एवढंच.

इथे एक थांबा घेऊ. ही पत्रं आपल्यापर्यंत आली कशी? ती जमवून, लावून ठेवली ती स्वतः सिस्टर जेराल्डिन यांनी. ग्रंथरूपाने छापली १९७७ मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली. म्हणजे भांडणातल्या एका पक्षाने तयार केलेली ही फाईल आहे. आपल्याला अडचणीची ठरतील अशी दुसऱ्या पक्षाची पत्रं त्या पक्षाने जपून ठेवली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्यांच्या टिपण्या वाचताना रमाबाई हट्टी, अहंकारी, अर्धवट शिकलेली शिष्या दिसते. तीच पत्रं टिपण्या झाकून वाचली तर काटेकोर संस्कृत पंडित दिसते. करून बघा, खरंच झाकून वाचा. साधनाची जुळवणी कोणी केली हे पहिल्या दिवशी वहीत लिहायचं, ते याचसाठी.

आता माझा मुख्य मुद्दा. रमाबाईंच्या धर्मांतराच्या काळात निळकंठशास्त्री म्हणजे नेहेम्या गोरे (१८२५–१८९५) यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. गोरे काशीतले चित्पावन पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले, षड्दर्शनांवर हिंदीत 'षड्दर्शन दर्पण' लिहिणारे. रमाबाईंच्या शंकांसाठी त्यांनी मराठीत जे लिहिलं त्याचं नावच मुळी प्रश्नार्थक आहे: ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे यास काही प्रमाण आहे काय? 'प्रमाण' हा शब्द दोघांच्याही घरचा. न्यायदर्शनात प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं शब्द म्हणजे कोणाचंही बोलणं नव्हे, आप्ताचं बोलणं. आप्त कोण, तर ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो.

आपण प्रबंधात संदर्भ देतो ते दुसरं काय असतं? मी प्रयोगशाळेत बफरच्या बाटलीवर लिहिलेला पीएच मानतो, कोणीतरी ओळखलेल्या नमुन्यावरचं वनस्पतीचं नाव मानतो. सगळंच स्वतः तपासायला बसलो तर व्हायवा पुढच्या जन्मी होईल. प्रश्न एवढाच असतो की मी ज्याचं मानतो तो आप्त आहे का. लहान मूलसुद्धा हेच करतं. ते आईचा हात धरून नाल्यात उतरतं. रस्त्यात भेटलेल्या कोणाचाही हात धरत नाही, आईने सांगितलं तरी कधीकधी धरत नाही. मुलाचा विश्वास जेवढा पूर्ण असतो तेवढाच तो निवडक असतो. उपदेशातून हा अर्धा भाग नेहमी गळतो.

आता १८८५ ची पत्रं या नजरेने वाचा. ख्रिस्त विश्वासास पात्र आहे का, हा त्या पत्रांतला वादाचा मुख्य विषय नाहीच. वाद आहे तो त्याच्या वतीने बोलणाऱ्यांबद्दल. बिशप आप्त आहेत का? मतांगिकार आप्तवाक्य आहे का? भगिनीसंघ? रमाबाई एकेकाला तपासतात आणि बाजूला ठेवतात. मार्कच्या गोष्टीतले मुलांना अडवणारे शिष्य आठवतात का? मला तरी हटकून तेच आठवले.

यानंतरचा दस्तऐवज १९०७ चा: केडगावला छापलेली रमाबाईंची इंग्रजी 'ए टेस्टिमनी', मराठीत 'माझी साक्ष' म्हणून ओळखली जाते ती. त्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचनात आलं, आणि त्यातून त्यांनी स्वतःला पूर्णपणे स्वाधीन केलं.

इथेच वाचक दोन गटांत फुटतात. जुनी मिशनरी चरित्रं १८९१ ला शेवट गोड मानतात: शंकेखोर पंडिता अखेर नम्र लेकरू झाली. हल्लीच्या अभ्यासकांना, उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी, गौरी विश्वनाथन यांना, १८८० च्या दशकातली बंडखोर रमाबाई जास्त बोलावते. विश्वनाथन यांनी तर वाँटेजच्या वादातून चर्चने पाखंड कसं गप्प केलं याची मांडणी केली आहे. हा दुसरा गट मला जास्त शिकवून गेला, यात वाद नाही. पण त्यांचं वाचून नंतरच्या रमाबाईंकडे गेलं की वाटायला लागतं, अरेरे, काय बाई होती आणि शेवटी भजन-प्रार्थनेत अडकली. दोन्ही वाचनांत एक गृहीतक समान आहे: विश्वास वाढला म्हणजे प्रश्न संपले असणार. एक गट त्याबद्दल टाळ्या वाजवतो, दुसरा हळहळतो. गृहीतक कोणी तपासत नाही.

थोडा दोष 'साक्ष' या पुस्तकाचाही आहे. ते उतारवयात, केडगावच्या जागृतीनंतर लिहिलेलं आहे आणि मागच्या सगळ्या आयुष्याला ते १८९१ कडे जाणारी वाट बनवतं. वाँटेजचं ते झणझणीत भांडण इथे जवळजवळ विरघळून जातं. साक्ष देण्याच्या परंपरेला एक ठराविक घाट असतो, आधी अंधार मग उजेड, आणि रमाबाईही त्या घाटातून सुटलेल्या नाहीत. म्हणून विनंती: १९०७ च्या पुस्तकावरून १८८५ समजून घेऊ नका. आधी १८८५ वाचा. कोर्टातही साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच.

ती उलटतपासणी करायला केडगावचा व्यवहार उपयोगी पडतो. म्युलर यांचं ब्रिस्टलचं अनाथालय, हडसन टेलर यांचं चीनमधलं काम, जॉन पेटन, या तिघांची चरित्रं वाचून रमाबाईंना वाटलं, देवावर भरवसा टाकून असं काम हिंदुस्थानात का होऊ नये? पण त्याच बाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली होती, कारण अमेरिकेतल्या मंडळाने दहाच वर्षं मदत कबूल केली होती आणि ती १८९८ ला संपणार होती. विहिरी, झाडं, पुढे छापखाना, विणकाम, तेलघाणा. हा भरवसा हातावर हात ठेवून बसणारा नाही. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांची कशी आबाळ आणि बेअब्रू होते हे त्यांनी 'बाँबे गार्डियन'मध्ये उघड लिहिलं आणि सरकारचा राग ओढवून घेतला. नम्र लेकरू होऊन सहा वर्षं झालेली होती तेव्हा! १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये मुली मोठमोठ्याने, रडत, एकदम प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांना तो गोंगाट वाटला, तेव्हा ही इथल्या माणसांची रीत आहे, तिला पाश्चात्त्य साच्यात कोंबू नका, अशी बाजू त्यांनी घेतली. संस्कृत क्रुसाचा हट्ट धरणारी तीच बाई ही. आणि शेवटची वर्षं कशात गेली? हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल भाषांतर करण्यात. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. ज्याच्यावर विश्वास त्याचं म्हणणं मूळ भाषेत जाऊन बघितलं पाहिजे, भाषांतरकाराच्या भरवशावर नको. प्रश्न संपलेल्या माणसाचं हे काम आहे का, तुम्हीच ठरवा.

आता दुष्काळाचा तो तपशील. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात. गडचिरोली त्यातून वेगळा झाला तो १९८२ मध्ये. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुलींना, शेकड्यांनी, केडगावला घेऊन आल्या. एवढ्यांना खाऊ काय घालणार, याचं उत्तर जवळ नव्हतं. स्वतःच्या उपासमारीची आठवण आणि देव पुरवील हा भरवसा, या दोनच गोष्टी त्या सांगतात. बालकासारखा विश्वास हा शब्द मला त्यांच्या बाबतीत वापरावासा वाटतो तो इथे. ज्या मुलीच्या घरचा देवावरचा भरवसा दुष्काळात उपाशी मेला, तीच बाई वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात शिरताना पुन्हा भरवसा टाकते. हा विश्वास बालपणाचा उरलेला तुकडा नाही. तो मध्ये पूर्ण मोडला होता, तपासला गेला, आणि नव्याने शिकला गेला. शिकला गेला हे महत्त्वाचं, कारण आपण 'लहान मुलासारखी श्रद्धा' ही गोष्ट उपजत असते किंवा नसते असं समजून चालतो.

नारायण वामन टिळकांचा उल्लेख राहून जाऊ नये. मराठी ख्रिस्ती भक्तीत लेकरू आणि माउली हे नातं त्यांनी वारकरी परंपरेतून आणलं. ख्रिस्ताला ते आई म्हणून आळवतात. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडायला ते निघाले. भरवसा रमाबाईंइतकाच. पण त्या भरवशाचा घरखर्च कसा चालायचा हे वाचायचं तर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' हातात घ्यावी लागतात. तिथे नवरा लेकरासारखा आणि बायको लेकराची आई, असा संसार आहे, आणि लक्ष्मीबाई तो हसत हसत सांगतात. लेकरू व्हायची चैन घरात एकालाच परवडते, असं ते वाचून माझं मत झालं. रमाबाईंना ती चैन कधी नव्हतीच. त्यांच्या मागे सांभाळणारं कोणी नव्हतं, आणि पुढे शेकडो पोरी होत्या.

त्या पोरींबद्दल मात्र माझी रमाबाईंकडेच तक्रार आहे. वाँटेजला रमाबाई प्रश्न विचारू शकल्या, कारण त्या पंडिता होत्या. त्यांच्याकडे संस्कृत होतं, शिकवून पैसे मिळवता येत होते, दार उघडून बाहेर पडायची सोय होती, आणि १८८६ मध्ये त्या अमेरिकेला निघूनही गेल्या. मध्य प्रांतातून केडगावला आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीकडे यातलं काय होतं? ती जेवत होती ते अन्न, शिकत होती ती अक्षरं, ऐकत होती ती प्रार्थना, सगळं एकाच हातातून येत होतं. तिने 'मी माझा विचार करीन' म्हटलं असतं तर? 'साक्ष' वाचताना मुली पश्चात्ताप करतात, प्रार्थना करतात, आनंदित होतात. त्या हरकत घेताना ऐकू येत नाहीत. जेराल्डिनबाईंच्या फाईलमध्ये निदान दुसऱ्या पक्षाची पत्रं आहेत. केडगावच्या पुस्तकात बोलणारा आवाज एकटा रमाबाईंचा आहे. रमाबाईंनी वाईट केलं असं मी म्हणत नाही. त्या मुली बहुधा जगल्याच नसत्या. पण उपाशी माणसाचा विश्वास आणि पोट भरलेल्या पंडितेचा विश्वास एकाच शब्दाने मोजता येत नाही.

गडचिरोलीच्या त्या 'भोळेभाबडे' वाक्याकडे आता पुन्हा बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले, स्वतःच्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा हक्क २०११ मध्ये मिळवला, आणि त्याआधी कित्येक वर्षं गावात अभ्यासगट चालवले. कायदा वाचायचा, बाहेरच्या माणसाला बोलवायचं, त्याला विचारायचं, आणि मग सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. बाहेरच्याचं ऐकलं का? भरपूर ऐकलं. तपासल्याशिवाय मानलं का? नाही. यांना निरागस म्हणणारा प्रबंधकार त्या अभ्यासगटात कधी बसला नसावा.

वाचायला बसणार असाल तर क्रम सांगून ठेवतो. १८८५ ची पत्रं आधी, टिपण्या झाकून. मग टिपण्या. मग 'साक्ष'. चरित्रं सगळ्यात शेवटी. वहीत दोन रकाने करा: रमाबाई कोणावर विश्वास ठेवतात, आणि कोणाला प्रश्न विचारतात. वर्षागणिक नावं भरत जा. आणि तुमच्यापैकी कोणी सामाजिक शास्त्रात सिनॉप्सिसचा विषय शोधत असेल तर मध्य प्रांतातून त्या वर्षी केडगावच्या गाडीत बसलेल्या मुलींसाठी तिसरा रकाना आधीच आखून ठेवा.